उच्च शिक्षणाचा लाभ कोणाचा?

उच्च शिक्षणाचा खर्च कोणी करावयाचा, हे त्याचा लाभ कोणाला होतो या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर हे उत्तर बदलत गेले. १९९७ साली केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी अनुदानांविषयी चर्चापत्र प्रसिद्ध केले. त्यात प्राथमिक शिक्षणाची गणना समाजहिताच्या सेवांत झाली. उच्च शिक्षण मात्र त्या वर्गाबाहेर राहिले. पदवीचा लाभ मुख्यतः पदवीधराला होतो, म्हणून खर्चाचा भारही त्यानेच अधिक उचलावा, ही त्यामागील भूमिका. महाराष्ट्राला ती अपरिचित नव्हती. १९८३ पासूनच येथे विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली होती. पुढे ‘विनाअनुदानित’ हे विशेषण कला शाखेच्या वर्गांनाही लागले.

या भूमिकेत काहीच तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. सरकारी निधीवर प्राथमिक शिक्षणाचा हक्क मोठा आहे, हे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेच होते. परंतु रयतेच्या पैशावर मूठभरांनीच शिकावे, याला फुल्यांचा आक्षेप होता. उच्च शिक्षण क्रयशक्तीवर सोपविल्यास ते पुन्हा मूठभरांचेच होईल.

लाभ व्यक्तीचा की समाजाचा, याचा दाखला मराठी साहित्यातच मिळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. शासकीय शिष्यवृत्तीवाचून अनेकांना त्याची पायरी चढता आली नसती. याच परिसरात १९६७ साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ते ‘अस्मितादर्श’ झाले आणि दलित साहित्याचे व्यासपीठ बनले. त्या वर्गखोल्यांचे फलित तेथील पदवीधरांच्या वेतनात मोजता येत नाही. ते अवघ्या मराठी भाषेच्या वाट्याला आले.

आज अनेक महाविद्यालयांच्या मराठी विभागांत निवृत्त अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त असतात. अध्यापन तासिका तत्त्वावर चालते. मानधन घेतलेल्या तासांचेच मिळते. सुटीतील वाचन, हस्तलिखितांचा शोध, विद्यार्थ्याच्या कच्च्या लेखनावरील चर्चा यांचा त्यात हिशेब नसतो. दोन-तीन महाविद्यालयांत तास घेत फिरणाऱ्या अध्यापकाकडून सातत्यपूर्ण संशोधनाची अपेक्षा कशी करावी? खर्चात बचत होते खरी, परंतु ती संशोधनाची परंपरा मोडून होते.

बाजार असलेली मागणी ओळखतो. १९६७ साली दलित साहित्याला अशी मागणी नव्हती; ते घडत असताना त्याला वेळ, वाचक आणि जाणते अध्यापक हवे होते. तशी सोय विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनीच करावयाची असते. म्हणून रिक्त पदे पूर्ण वेतनावर भरण्याची मागणी केवळ अध्यापकांच्या चरितार्थापुरती समजू नये. ग्रामीण महाविद्यालयात शुल्काची जुळवाजुळव करून येणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याशी तिचा तितकाच संबंध आहे. तो उद्या काय लिहील, हे कोणत्याही चर्चापत्राला आधी सांगता येणार नाही.