शाल नको, दोन तास द्या

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वयोवृद्धांसाठी राखून ठेवला. तेव्हापासून आपल्या अनेक धर्मग्रामांतून त्या दिवशी ज्येष्ठांचा सत्कार होतो. गेल्या वर्षी आमच्याकडे त्या सत्कारात एक भर पडली. वृद्ध सासूची निरपेक्ष सेवा करणारी आदर्श सून म्हणून माझ्या पत्नीचे नाव पुकारण्यात आले. शाल झाली, श्रीफळ झाले, टाळ्या झाल्या, छायाचित्रही निघाले. त्या छायाचित्रात मी नाही. मी त्या वेळी माण येथील आमच्या नवव्या मजल्यावरील घरात आईजवळ बसलो होतो. पत्नीला दीड तास घराबाहेर पडता यावे म्हणून आईपाशी बसायला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही माणूस आम्हांला मिळाला नव्हता. मिळाला नव्हता हे म्हणणेही तसे अर्धसत्यच. आम्ही कोणाला विचारले नव्हते, आणि गेल्या तीन वर्षांत आम्हांलाही कोणी विचारले नव्हते.

हा लेख त्या शालीविरुद्ध आहे. शाल देणाऱ्यांचा हेतू चांगला होता याविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि म्हणूनच हे लिहिणे मला अवघड जात आहे.

आई मूळची राहात्याकडची. सहावीपर्यंत शिकलेली, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला अनवाणी चालत जाणारी, शेजारच्या चार घरांतली बाळंतपणे निभावणारी बाई. आज तिला सुनेचे नाव आठवत नाही. "बाई, तू कोणाच्या घरची?" असे ती दिवसातून पाच-सहा वेळा विचारते. जपमाळ मात्र अजूनही पुष्कळशी बिनचूक म्हणते. मणी पुढे सरकत राहतात आणि ओठांना शब्द सापडत जातात. संध्याकाळ कलली की तिच्या मनात काहूर उठते. ती लुगड्याचे गाठोडे बांधते, एस.टी. चुकेल म्हणून दाराशी उभी राहते आणि आपण तिला कोंडून ठेवले आहे असे समजून रडते. एकदा दार उघडे राहिले तेव्हा ती लिफ्टने खाली उतरून फाटकाबाहेर गेली. माणमध्ये एका अंगाला जुने गाव आहे आणि दुसऱ्या अंगाला आयटी पार्कचा तिसरा टप्पा, व मधल्या रस्त्यावर काँक्रीटची वाहने दिवसरात्र धावत असतात. सोसायटीच्या पहारेकऱ्याने तिला परत आणले. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सुरुवातीला आम्ही तिला एका मोठ्या रुग्णालयात नेले होते. तेथे "वय झाले आहे, असे व्हायचेच" एवढे ऐकवून आमची बोळवण झाली. दोन वर्षे त्यात गेली. डॉक्टरांना तरी दोष किती द्यावा? आपल्या भाषेनेच तो निकाल फार पूर्वी देऊन ठेवला आहे. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण जितक्या सहजतेने आपण वापरतो, तितक्याच सहजतेने एका आजाराला वयाच्या खाती टाकून मोकळे होतो. स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ भाग नाही, तो मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरे. त्याच्यासारखीच लक्षणे दाखवणारे काही विकार तर चक्क बरे होण्यासारखे असतात. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खोलवर रुजलेले नैराश्य, डोक्याला मार लागून साकळलेले रक्त, ही त्यांतली काही. रक्ताच्या साध्या तपासणीने कळू शकणारी गोष्ट आपण एका म्हणीपायी न तपासता सोडून देतो. ही म्हण आपल्या घरांतून हद्दपार झाली तर मराठी भाषेचे काही नुकसान होणार नाही.

आपल्या देशात साठीपुढील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. म्हणजे नोकरीनिमित्त हिंजवडी-माणला आलेल्या आम्हां मंडळींनी खेड्यातून ज्यांना आणून नवव्या, अकराव्या, चौदाव्या मजल्यावर ठेवले, त्या आमच्या आयाच या आकड्यांत अधिक आहेत. गावी निदान ओटा होता, येणारी-जाणारी माणसे होती. चुकली तर कोणीतरी हाताला धरून घरी पोहोचवीत असे. येथे शेजारच्या दारावरचे आडनाव वाचण्यापलीकडे आमची ओळख जात नाही. माणपासून शिवाजीनगरकडे जाणाऱ्या २३ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाची पायाभरणी २०१८ च्या डिसेंबरात झाली. एवढे अंतर जोडण्याची योजना आपण आखतो. एका दारापासून समोरच्या दारापर्यंतच्या आठ पावलांसाठी कोणाकडेच योजना नाही.

मोफत मदतीचा विषय काढला की लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच पैसा उभा राहतो. पैसा लागतोच. पुण्यात दिवसपाळीची बाई ठेवायची तर मध्यम पगाराच्या घराचे कंबरडे मोडते. इतिहासही याला साक्षी आहे. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्या रुग्णाचे निरीक्षण विद्वत्सभेपुढे मांडले, ती आउगुस्ट डेटर ही एका रेल्वे कारकुनाची पत्नी. फ्रँकफर्टमधील रुग्णालयाचा खर्च त्या बिचाऱ्या नवऱ्यालाही झेपेनासा झाला होता. परंतु माझे म्हणणे पैशाच्या अलीकडचे आहे. या आजारात आज एकच सेवा संपूर्ण मोफत, चोवीस तास आणि विनातक्रार मिळते. ती म्हणजे घरातल्या बाईची सेवा: सून, मुलगी नाही तर स्वतःच थकलेली पत्नी. तिला पगार नाही, रजा नाही आणि बदली माणूसही नाही. माझ्या पत्नीने नोकरी सोडली, मी सोडली नाही. आमच्यात त्यावर चर्चासुद्धा झाली नाही, इतके ते गृहीतच होते. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लपवून लेख लिहिण्यात अर्थ नाही.

मग बाहेरून काय मिळायला हवे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने बार्देश व तिसवाडी या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसमवेत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने साधारण दर पंधरवड्याला एक गृहसल्लागार जात असे. हे सल्लागार तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. ती थोड्या दिवसांचे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक, बोलीभाषा जाणणारी, समंजस माणसे होती. आजार म्हणजे काय हे ती घरच्यांना समजावीत, रुग्ण चिडला वा हटून बसला तर काय करावे ते सांगत, तशाच अवस्थेतील दुसऱ्या कुटुंबाशी गाठ घालून देत, सरकारी योजनांची माहिती देत आणि प्रकरण हाताबाहेर जाते आहे असे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांना कळवीत. फळ काय मिळाले? रुग्णांच्या क्षमतेत वा वागण्यात ठामपणे सांगण्याजोगा फरक दिसला नाही. त्यांची काळजी वाहणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य मात्र निश्चितपणे सुधारले. मला हा निष्कर्ष फार प्रामाणिक वाटतो. जे जाणार ते जाणारच; पण त्याच्यासोबत दुसरे माणूसही वाहून जाऊ नये, एवढे आपल्या हाती आहे. आणि त्यासाठी लागते काय, तर पंधरा दिवसांतून एकदा दारावर थाप.

बार्देश-तिसवाडीतली घरे आपल्या घरांहून फार निराळी नाहीत. गोव्यातल्या त्या प्रयोगाबद्दल आपल्या किती धर्मग्रामांत चर्चा झाली? आमच्याकडे तरी झाली नाही.

पुण्यापुरते बोलायचे तर माणसांनी माणसांना विनामूल्य सावरण्याची परंपरा येथे चांगली रुजलेली आहे. पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांना रुग्ण व त्यांचे कुटुंबीय दोघेही येतात, आणि सभासद एकमेकांच्या घरी भेटीही देतात. १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनी पुरुषांबरोबर त्यांच्या पत्नींचाही विचार केला, त्यांचे 'सहचरी' गट उभे केले. व्यसनमुक्तीच्या सभांसाठी आपल्या कित्येक चर्चनी आपल्या शाळांच्या खोल्या उघडून दिल्या आहेत, हेही येथे नमूद केलेच पाहिजे. मग स्मृतिभ्रंशाच्याच बाबतीत आपले हात का आखडतात? दारूच्या व्यसनाला आपण लाजायचे थांबलो, पण आई वस्त्राचे भान विसरते हे सांगायला मात्र अजून लाजतो, म्हणून तर नव्हे?

सरकारी पातळीवर काहीच नाही असे नव्हे, आणि जे आहे ते सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय दूरध्वनीसेवा विनाशुल्क आहे. माहिती, मार्गदर्शन, छळ वा बेपत्ता झाल्याच्या प्रसंगी साहाय्य, यांसाठी तेथे विचारता येते. मानसिक ताणासाठी १४४१६ ही 'टेलिमानस' सेवा २०२२ पासून अहोरात्र चालू आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. ती जेवढी रुग्णासाठी तेवढीच त्याला सांभाळणाऱ्यासाठीही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नाममात्र खर्चात निदान होऊ शकते. केरळात १९९२ साली स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था या कुटुंबांसाठीच काम करते. हे क्रमांक धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर, लग्नाच्या हाका लागतात त्याच फलकावर, लावायला कितीसा वेळ लागेल? परंतु दूरध्वनी आईजवळ बसू शकत नाही. पत्नीला दातांच्या डॉक्टरकडे जायचे असते तेव्हा १४५६७ चा उपयोग होत नाही.

मला ठाऊक आहे, काही सज्जन म्हणतील की हा प्रत्येकाला मिळालेला क्रूस आहे, तो ज्याचा त्यानेच वाहायचा असतो. हे वाक्य मी सांत्वनाला आलेल्यांच्या तोंडून दोनदा ऐकले आहे. दोघेही चहा घेऊन अर्ध्या तासात गेले. त्यांना मी नम्रपणे विचारतो, क्रुसाच्या वाटेतील पाचव्या स्थानापाशी आपण दर उपवासकाळात गुडघे टेकतो ते कशासाठी? कुरेनेकर शिमोनाने प्रभूचा सत्कार केला नव्हता. त्याने खांदा दिला होता, आणि तोही स्वखुशीने नव्हे, लोकांनी धरून आणले म्हणून. मला तेवढ्यानेही चालेल. शिमोनासारखे कोणी बळजबरीने आले तरी आमचा दरवाजा उघडा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: वृद्धाश्रम आहेत की, सिस्टर्स चालवतात. त्या भगिनींच्या सेवेविषयी मला नितांत आदर आहे. पण आम्ही एका आश्रमात चौकशी केली तेव्हा, रात्री उठून भटकणाऱ्या माणसाला घेता येत नाही, असे सांगण्यात आले. त्यांचेही बरोबर आहे, अपुऱ्या हातांनी त्या तरी काय करणार? शिवाय आईला घरातून हलवावे अशी आमची इच्छाही नाही. बेन सिराच्या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायात, बापाची बुद्धी क्षीण झाली तरी मुलाने त्याला सांभाळून घ्यावे, असा उपदेश आहे. तो आम्हांला मान्य आहे. तो उपदेश एका सुनेला एकटीला केलेला आहे, असे मात्र मला त्यात कोठे आढळले नाही.

माझी मागणी लहान आहे. धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातले निदान चार दिवस सकाळी कुलूपबंद असते. त्यांपैकी एका सकाळी ते दोन तास उघडावे. अशा आजारी व्यक्तींना तेथे आणता यावे. जुनी गीते म्हणावीत, शेंगा निवडाव्यात, जपमाळ करावी, आणि घरच्या मंडळींनी पलीकडच्या खोलीत एकमेकांशी बोलावे, नाही तर सरळ बाजारात निघून जावे. ज्यांना आणणे शक्य नाही त्यांच्या घरी जाणारी सहा-सात माणसे तयार करावीत. निवृत्त परिचारिका आणि शिक्षिका आपल्यात पुष्कळ आहेत. गोव्यात काही दिवसांच्या शिकवणीवर जे साधले ते येथे का साधू नये? यासाठी देणगी नको, पावतीपुस्तक नको, उद्घाटनही नको.

एक गोष्ट सांगायची राहिली. सत्कारानंतर महिन्याभराने सातव्या मजल्यावरच्या एक काकू आमच्याकडे आल्या. त्या आपल्या धर्माच्या नाहीत, समारंभालाही नव्हत्या. लिफ्टमध्ये आईने त्यांना "तू कोणाच्या घरची?" असे विचारले होते, एवढीच ओळख. आता दर बुधवारी दहा ते बारा त्या आईपाशी बसतात. आई त्यांना राहात्याची कोणी मैत्रीण समजते आणि त्या तसे समजू देतात. पहिल्या बुधवारी मी पत्नीला म्हणालो, बाहेर जाऊन ये, कोणाला तरी भेट. ती आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतले आणि बारा वाजेपर्यंत झोपली.