पलतडची शाळा



गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुख्याध्यापकांचा निरोप आला. दोन गोष्टी हव्या होत्या: चार कॉम्प्युटर, आणि आठवी-नववीच्या मुलांना शनिवारी गणित शिकवायला कुणीतरी. कॉम्प्युटरचे पैसे संध्याकाळपर्यंत जमले. दुसऱ्या मागणीखाली दोन दिवस एकही उत्तर नव्हतं. मीही गप्प होतो. मी बीई झालेला, घरून काम करणारा, शाळेपासून दहा मिनिटांवर राहणारा माणूस.

त्या दोन दिवसांत मला पणजोबांची गोष्ट आठवत राहिली. आजोबा ती सांगायचे. मांद्र्यातली प्राथमिक शिकवणी संपल्यावर पणजोबांना पुढे इंग्रजी शिकायचं होतं. त्यासाठी त्यांना घरच्यांनी 'पलतडी', म्हणजे तेरेखोल नदीपलीकडे, शिरोड्याला मावशीकडे ठेवलं. हरमल, पालये, केरी असं चालत जायचं, होडीतून नदी ओलांडायची आणि रेडीवरून शिरोडं गाठायचं. आज आपण केरीला फेरीबोटीत गाडी चढवतो आणि पलीकडे जाऊन मासे खाऊन येतो. तेव्हा मात्र ती नदी म्हणजे राज्याची हद्द होती. पेडणे महाल पोर्तुगिजांचा, आरोंद्याला सावंतवाडी संस्थान, शिरोड्याला इंग्रज. शाळेसाठी पोराला दुसऱ्या सरकारच्या मुलखात पाठवावं लागे.

असं का? पोर्तुगीज गोव्यात माध्यमिक शाळा नव्हत्या असं नाही. पणजीचं लिसेव 1854 पासून होतं. पण तिथं शिकणं पोर्तुगीजमधून, आणि पेडण्याच्या मराठी घरातल्या पोराला ते अंतरानं, भाषेनं आणि खर्चानं लांबच. शिवाय लिसेवच्या शिक्षणाचा उपयोग मुख्यतः पोर्तुगीज कारभारात. आपल्या लोकांची पोटापाण्याची वाट जायची मुंबईला, आणि मुंबईत विचारायचे, "मॅट्रिक आहेस का?" मॅट्रिक म्हणजे मुंबई विद्यापीठाची परीक्षा, इंग्रजी सातवी पूर्ण केल्यावर द्यायची.

गंमत म्हणजे त्याच 1854 साली इंग्रजांच्या हिंदुस्थानात वुडचा खलिता आला. खासगी संस्थेनं शाळा काढावी, फी घ्यावी, सरकारी तपासणी करून घ्यावी आणि मग सरकारनं थोडं अनुदान द्यावं, ही पद्धत तिथून रुजली. कोकणातल्या गावोगावच्या इंग्रजी शाळा याच पद्धतीनं उभ्या राहिल्या. अनुदान मिळालं तरी ते पुरायचं नाही. उरलेला भार फी, गावची वर्गणी आणि मास्तरांचा कमी पगार यांवर.

गोव्यात मराठी माणसाला असा आधार नव्हता. 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. पुढच्याच वर्षी, 1911 मध्ये, फोंड्याला दादा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन केलं. त्यांची आल्मेदा शाळा आजही चालू आहे. पण फोंडं मांद्र्याहून लांब. वाटेत शापोरा नदी, मांडवी नदी. त्यापेक्षा शिरोडं जवळचं.

शिरोड्याला होतं ट्युटोरिअल इंग्लिश स्कूल. आज ते अ. वि. बावडेकर विद्यालय म्हणून ओळखलं जातं. 1920 मध्ये तिथं बावीस वर्षांचा एक तरुण मास्तर म्हणून आला. सांगलीचा, फर्ग्युसन कॉलेजात गेलेला, पण दत्तक गेल्यावर घरच्या अडचणींमुळे पदवी न घेताच कॉलेज सोडलेला. हे वि. स. खांडेकर. आपण त्यांना 'ययाति' आणि ज्ञानपीठ यांमुळे ओळखतो. शिरोड्याच्या लेखी ते आधी मास्तर. 1938 मध्ये कोल्हापूरला जाईपर्यंत, म्हणजे अठरा वर्षं, ते तिथं राहिले. 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या त्याच काळातल्या. 1930 च्या मे महिन्यात त्याच गावच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. म्हणजे आजूबाजूला एवढं सगळं घडत होतं, आणि शाळेची घंटा तरी रोज वाजवावीच लागत होती.

मला त्यांच्या पुस्तकांपेक्षा या अठरा वर्षांचं जास्त नवल वाटतं. आमच्या क्षेत्रात माणूस एका कंपनीत तीन वर्षं टिकला तरी लोक विचारतात, "अजून तिथंच?" गावातली शाळा मात्र तिथंच राहणाऱ्यांवर चालते. इमारत वर्गणीतून होते, बाकं सुतार करून देतो. पण पाचवीत आलेलं पोर मॅट्रिकला बसेपर्यंत त्याला ओळखणारा मास्तर लागतो. तो मध्येच गेला तर पोरही जातं.

पणजोबा दोन वर्षांत परत आले. शेतावर माणूस कमी पडत होता, आणि फीचाही प्रश्न होता. मॅट्रिक काही झालं नाही. आजोबा सांगायचे, म्हातारपणीसुद्धा ते केरीच्या धक्क्यावर बसले की पलीकडे बघून म्हणायचे, "माझी पाटी थंयच ऱ्हवली." पुढे गोवा मुक्त झाला. पेडण्यातच जन्मलेले भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी शाळा निघाल्या. आम्हा नातवंडा-पतवंडांना नदी ओलांडावी लागली नाही. मी बीई झालो त्यात माझी हुशारी किती आणि शाळा अलतडी आली याचा वाटा किती, हे मला आता नीट कळतं.

तिसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, "शनिवारी साडेनऊ ते अकरा, मी येतो." पहिल्या शनिवारी नऊ मुलं आली. अपूर्णांकांची बेरीज शिकवताना मी दोनदा अडखळलो. कोड लिहिणं सोपं, हे अवघड. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं जाताना विचारलं, "सर, पुढच्या शनिवारी पण येणार ना?" मी हो म्हटलं, आणि घरी येऊन कॅलेंडरमध्ये मार्चपर्यंतचे सगळे शनिवार भरून टाकले.

तुमच्याही शाळेच्या ग्रुपवर असा एखादा निरोप उत्तराविना पडला असेल. आज एकदा वर जाऊन बघा.