यल्लम्माच्या डोंगरावर दोन रात्री

"लहान मुलांना घेऊन कॅम्पिंगला जायचं म्हणतोय, काय काय न्यावं?" असं परवा एका मैत्रिणीनं विचारलं. तिच्या डोळ्यांपुढं दांडेलीचं जंगल आणि काळी नदी होती. मला मात्र आठवला सौंदत्तीचा डोंगर. तुम्ही म्हणाल, यात्रा कुठं आणि कॅम्पिंग कुठं! पण उघड्यावर मुक्काम, तीन दगडांची चूल, अंगावर घोंगडं आणि वर चांदणं, यापेक्षा कॅम्पिंग म्हणजे वेगळं काय असतं? आपल्याकडं त्याला 'डोंगराला जाणं' म्हणतात, एवढंच.

सासूबाईंच्या लहानपणी सांबऱ्याहून बैलगाड्या निघायच्या. बागलकोट रस्त्यानं नेसरगी, यरगट्टी करत सत्तरेक किलोमीटर. बैल दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालणार, म्हणजे वाटेत दोन मुक्काम आलेच. गाडीत कडब्याचा जाड थर, त्यावर घोंगडं, त्यावर पोरं. तोच कडबा बैलांची वैरण. त्यामुळं परतताना पोरांचं अंथरूण बैलांच्या पोटात गेलेलं असायचं आणि गाडीचा प्रत्येक हादरा पाठीला कळायचा. हे सांगताना त्या अजून हसतात.

आम्ही गेलो २०२३ च्या मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे माझ्या माहेरच्यांच्या होस्तिल हुण्णिमेला. तारीख २६ डिसेंबर. माझं माहेर कन्नड, सासर मराठी. त्यामुळं आमची मुलं एका आजीला 'आजी' म्हणतात आणि दुसरीला 'अज्जी'. थोरला आठ वर्षांचा, धाकटी चार. खरं सांगायचं तर मुलीला त्या डोंगरावर न्यायला माझं मन जरा कचरत होतं. याच देवीच्या नावानं किती लेकी सोडल्या गेल्या, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकानं १९८२ साली कायदा केला, पण कायद्यानं आठवण पुसली जात नाही. सासूबाई म्हणाल्या, "आई काय वाईट न्हाई गं, माणसं वाईट होती." मग निघालो.

टेम्पो केला होता. मुलांच्या हट्टापायी नवा नायलॉनचा तंबूही घेतला. सासूबाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि "ह्यात मी न्हाई बाई झोपायची" म्हणून टेम्पोतच पथारी टाकली. वाटेत जोगुळभावीला स्नान झालं. डोंगरावर जाताना मुलांना नविलतीर्थ धरणाचं पाणी दाखवलं. आपल्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा इथं एवढी मोठी होते, हे थोरल्याला काही केल्या पटेना.

पहिल्या रात्री थंडी म्हणून तंबूची चेन सगळीकडून बंद केली. पहाटे बघते तर आतून पाणी ठिबकतंय! पाऊस नाही, काही नाही. आम्हा चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचं पाणी झालं होतं. मुलांची पांघरुणं ओलसर. शेजारच्या मोकळ्या गाडीतली पोरं मात्र कोरडी ठणठणीत झोपलेली. तेव्हा मैत्रिणी, थंडी असली तरी जाळीची खिडकी थोडी उघडीच ठेव. आणि ऊब हवी म्हणून शेगडी तंबूत कधीही नेऊ नकोस. बंद जागेत कोळशाचा विषारी वायू वासाशिवाय साठतो, झोपेतल्या माणसाला कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परडीचं बघत होते. पुरणपोळ्या, भाजी, भात काढून ठेवला आणि मागं वळले तर धाकटी नाही. "उदो, उदो"चा गजर, चौंडक्याचा आवाज, भंडाऱ्यानं पिवळी झालेली सगळी माणसं. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झालेला, त्यामुळं बायकांचीच गर्दी. सगळ्याच लेकरांचे कपाळ पिवळे, ओळखायचं कसं? आमचे हे एका बाजूला धावले, मी दुसऱ्या. थोरला जागेवरच उभा राहून रडायला लागला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला तरी तो फार मोठा वाटला.

ती सापडली तीन-चार गाड्या पलीकडं. गदगकडच्या बायकांचा मुक्काम होता. आमची बाईसाहेब कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात निवांत बसलेली. त्यातल्या म्हाताऱ्या अज्जीनं तिला विचारलं होतं, "यार मगळव्वा नी?" कुणाची लेक तू? त्यावर ही म्हणाली, "नम्मव्व कळदाळ." आमची आई हरवली! स्वतः हरवलोय हे तिला मान्यच नव्हतं. गाव विचारलं तर म्हणाली, "विमान उतरतंय तो ऊर." अज्जीला सांबरा ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या टेम्पोचा ड्रायव्हर बेळगावला येणारा-जाणारा. त्यानं ओळखलं आणि आमच्या गाडीच्या नंबरावरचा बेळगावचा आकडा शोधत तो निघाला होता.

मी अज्जीच्या पाया पडले. ती म्हणाली, तुमचा तंबू मी काल बघितला, पण चेन लावलेली, आत कोण आहे कळायचं कसं? मी काय उत्तर देणार. आजूबाजूच्या प्रत्येक गाडीत कोण कुणाचं, हे तिला रात्रीच ठाऊक झालेलं होतं. दोन दिवस शेजारी राहून आम्ही तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. दांडेलीच्या कॅम्पवर मागं राहिलो होतो तेव्हाही शेजारच्या तंबूत कोण, हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तिथं ते चाललं, इथं चालत नाही.

त्या रात्री तंबू रिकामाच राहिला. आम्ही सगळे टेम्पोपुढं कडबा पसरून झोपलो आणि सासूबाई त्या अज्जीशी मोडक्या कन्नडात बारा वाजेपर्यंत बोलत बसल्या.

मैत्रिणीला मी यादी दिली. मुलाच्या दंडावर पेनानं फोन नंबर लिही. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव त्याला मराठीत आणि कन्नडात, दोन्हीत सांगता आलं पाहिजे. जुलाब झाले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे ६ सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. आणि पोचल्यावर तंबू उभारायच्या आधी शेजारच्यांना नाव-गाव विचारून ये. शेवटचं ऐकून ती हसली.

अजूनही मला बाजारातून यायला उशीर झाला की आमची धाकटी उंबऱ्यात उभी राहून अख्ख्या गल्लीला सांगते, "नम्मव्व कळदाळ!"