वॉरंटी म्हणजे दुकानदाराचे उपकार नव्हेत!

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ही पाटी आपल्यापैकी कुणी वाचली नाही? गल्ल्याच्या मागे, देवाच्या तसबिरीच्या बाजूला ती लटकत असते आणि तीच जणू सरकारी कायदा आहे असे समजून आपला माणूस मान खाली घालून दुकानाची पायरी उतरतो. वस्तू बिघडली तर दोष आपल्या नशिबाला देतो. आमचे म्हणणे असे की, दोष नशिबाचा नाही, आपल्या अज्ञानाचा आणि भिडस्तपणाचा आहे. ती पाटी कायदा नाही. सदोष मालाच्या बाबतीत तर ती कायद्याच्या विरोधात आहे.

धरा की, वस्तीतील एक भगिनी बचत गटाचे कर्ज काढून शिलाई मशीन घेते. महिनाभरात मोटर जळते. दुकानदार म्हणतो, "आमचा संबंध संपला, कंपनीला फोन करा." कंपनी म्हणते, "बिल पाठवा." आणि बिल म्हणून तिच्या हाती असते ती वहीतून फाडलेली कागदाची चिठ्ठी, जिच्यावर ना दुकानाचे नाव, ना मशीनचा क्रमांक. पक्के बिल घेतले तर कर लागेल, असे सांगून दुकानदाराने तिला ती चिठ्ठी दिलेली असते. आता मशीन बंद, ब्लाऊज शिवण्याचे काम बंद, कर्जाचा हप्ता मात्र चालू! श्रीमंताच्या घरचा मिक्सर बंद पडला तर त्याची गैरसोय होते. गरिबाचे यंत्र बंद पडले तर त्याची चूल बंद पडते. म्हणूनच हा विषय बंगल्यात राहणाऱ्यांपेक्षा आपल्या वस्त्यांचा अधिक आहे.

आपल्या आजा-पणजाला दुकानाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. खाली उभे राहायचे, पैसे जमिनीवर ठेवायचे आणि वरून टाकलेले जिन्नस पदरात झेलायचे. माल सडका निघाला तरी तो बदलून मागण्याची हिंमत कोण करणार? बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाने हे चित्र बदलले. अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकानांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही दुकानात जाण्यापासून रोखता येणार नाही. पुढे १९५५ च्या कायद्याने, जो १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, अस्पृश्यतेच्या कारणावरून माल नाकारणे हा गुन्हा ठरवला. त्या कायद्याची भाषा पाहा. इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर माल विकला जातो, त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि त्याच अटींवर तो विकला पाहिजे. पायरी चढण्याचा हक्क आपण मिळवला. पण त्या 'अटी' काय आहेत, हे वाचायला आपण अजून शिकलो आहोत काय?

अटी कुठे लिहिलेल्या असतात? बिलावर आणि वॉरंटी कार्डावर. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ मध्ये झाला. आज लागू आहे तो २०१९ चा कायदा, जो जुलै २०२० पासून अंमलात आला. या कायद्यानुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. कर वाचवण्याच्या नावाखाली चिठ्ठी देणारा दुकानदार आपले पैसे वाचवत नाही. तो आपला पुरावा काढून घेतो, एवढे प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावे.

बाजारात गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार, अशी समजूत आहे. तिच्यावर विसंबू नका. कार्डावर काय लिहिले आहे ते पाहा. मुदत किती आणि ती कोणत्या तारखेपासून? संपूर्ण यंत्राची की फक्त मोटरची किंवा कॉम्प्रेसरची? 'दहा वर्षांची वॉरंटी' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, पण बारीक अक्षरांत ती एकाच भागापुरती असते. सुटा भाग फुकट, पण कारागिराची मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च आपल्या माथी, असेही असते. पाणी शिरले, विजेचा दाब कमी-जास्त झाला, बाहेरच्या मेकॅनिकने उघडले, तर वॉरंटी रद्द, अशा अटी असतात. म्हणून विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला भुलू नये. जे तो सांगतो, ते बिलावर लिहून घ्यावे. कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि यंत्राचा क्रमांक आहे की नाही, हे दुकानातच तपासावे. जादा पैसे घेऊन 'वाढीव वॉरंटी' गळ्यात मारली जाते, तिच्या अटीही आधी वाचाव्यात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माल चांगला आहे, पण रंग आवडला नाही किंवा मन बदलले, तर तो परत घेण्याची सक्ती दुकानदारावर सरसकट नाही. तेथे दुकानाने काय कबूल केले आहे, तेच चालते. हक्क सदोष मालाचा आहे, लहरीचा नाही. खोटी तक्रार घेऊन भांडणारा माणूस खऱ्या तक्रारदाराचीही पत घालवतो.

मोबाइलवरून खरेदी करणाऱ्या आपल्या तरुणांनी २०२० चे ई-कॉमर्स नियम माहीत करून घ्यावेत. वस्तू सदोष निघाली, जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी आली, किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर उशिरा पोहोचली, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. खोके उघडताना फोटो काढून ठेवावेत, ऐनवेळी उपयोगी पडतात.

तक्रार कशी करायची? पहिली गोष्ट, तोंडी वाद घालू नका, लिहून द्या. दुरुस्तीला वस्तू दिली की प्रत्येक वेळी पावती घ्या. चार वेळा दुरुस्त करूनही यंत्र चालत नसेल, तर त्या चार पावत्या हाच तुमचा वकील! त्यानंतर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. मात्र हेल्पलाइन समेट घडवू शकते, हुकूम देऊ शकत नाही. हुकूम देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. दुरुस्ती, बदली वस्तू, पैसे परत आणि नुकसानभरपाई, यांपैकी जे योग्य ते देण्याचा अधिकार त्याला आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. आपण जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, ती उलटू देऊ नका.

कायदा ३ महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी करावी लागली तर ५ महिन्यांत, निकाल लावण्यास सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे आम्ही लपवत नाही. पण न लढणाऱ्याला तर काहीच मिळत नाही.

"तुम्ही मशीन धंद्यासाठी घेतले, तुम्ही ग्राहकच नाही," असे सांगून शिलाई मशीनवाल्या भगिनीला किंवा रिक्षावाल्या बांधवाला कुणी घाबरवले, तर त्याला ठणकावून सांगा की, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या आणि स्वतः वापरलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ग्राहकच आहे. आणि एक सावधगिरी. वस्तू बिघडली म्हणून रागाच्या भरात फायनान्सचा हप्ता बंद करू नका. कर्जाचा करार वेगळा असतो आणि थकबाकीदार म्हणून नाव आपलेच लागते.

हे सारे एकट्याने करणे अवघड वाटते, हे खरे. मग आपली बुद्धविहारे, मंडळे आणि बचत गट कशासाठी आहेत? एकाच दोषाने अनेकांचे नुकसान झाले असेल, तर आयोगाच्या परवानगीने त्या सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते. नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संघटनाही तक्रार करू शकते. दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने तासभर बसून लोकांची बिले वाचून द्यावीत, अर्ज लिहून द्यावेत. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे केवळ जयंतीच्या कमानीवर लिहिण्याचे वाक्य नाही. त्याचा उपयोग असाही करायचा असतो.

यापुढे दुकानात गेलात तर वस्तू पिशवीत टाकण्याआधी एवढेच म्हणा, "पक्के बिल द्या, कार्डावर शिक्का मारा." आवाज चढवण्याची गरज नाही, पण मान खाली घालण्याचीही नाही. ज्या पायरीखाली आपले पूर्वज ताटकळले, तीच पायरी चढून आपण पूर्ण पैसे मोजतो. मग मालही पूर्ण मिळाला पाहिजे आणि त्याची जबाबदारीही!