दाढ काढण्याआधी नस पाहा



ऊसदर, उतारा आणि तोडणीच्या पाळ्या यांवर या अंकांतून पुष्कळ लिहून येते. आज एका दुखण्यावर लिहितो, कारण त्यापायी चांगल्या दाढा उपटल्या जातात.

गालात किंवा हिरडीत एकाएकी कळ येते, स्टार्टरचा शॉक बसावा तशी. काही सेकंद, फार तर दोन मिनिटं, की सगळं शांत. मग तोंड धुतलं, घास चावला, नुसता वारा लागला, की पुन्हा तेच. निफाडकडच्या थंडीत पहाटे मोटारसायकलवर निघणाऱ्याला तर विचारूच नका. बहुधा एकच बाजू धरते. डॉक्टर याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात.

मेंदूतून निघणारी पाचवी नस चेहऱ्यावर तीन फाट्यांनी पसरते, चारीला पोटचाऱ्या फुटाव्यात तशी : कपाळाकडे, गाल व वरच्या दातांकडे, आणि खालच्या जबड्याकडे. पुष्कळदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेवर दाबते, तिचे आवरण झिजते. वायरीचे वेष्टण गेल्यावर ठिणगी उडणारच. म्हणजे दुखतंय दाढेत, बिघाड आहे वर. दाढ काढून काय होणार? तरी एक काढली, राहिलं नाही, म्हणून शेजारची काढली, असे चालते.

हा आजार पन्नाशीनंतर जास्त, आणि बायकांत अधिक. सूज नाही, ताप नाही, म्हणून घरचे म्हणतात, "नाटकं करती." पदराआड तोंड धरून उपाशी बसणारी बाई नाटक करीत नसते. मुंबईचे नट सलमान खान यांनी हेच दुखणे जाहीरपणे सांगितले आणि 2011 साली अमेरिकेत जाऊन उपचार घेतले. त्यांना कोणी ढोंगी म्हटले नाही.

साध्या दुखण्याच्या गोळ्या येथे सहसा लागू पडत नाहीत. फिट्सवरची कार्बामाझेपिन नावाची गोळी 1960 नंतरच्या दशकापासून यासाठी वापरात आहे. ती डॉक्टरच थोडी थोडी वाढवतात. झोप व चक्कर येते, तेव्हा सुरुवातीला ट्रॅक्टरवर बसू नये. अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. रक्तही तपासावे लागते. वय चाळीसच्या आत असेल, दोन्ही बाजू दुखत असतील किंवा गाल बधिर झाला असेल, तर एमआरआय टाळू नये. गोळीने भागले नाही तर रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया आहे.

आता कारखान्याविषयी. आरोग्य शिबिरात डोळे आणि साखर तपासून आपण मोकळे होतो. नाशिकला सिव्हिल आहे, आडगावला मविप्रचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून नसांचे जाणकार डॉक्टर वर्षातून एक दिवस बोलावणे अवघड नाही.

त्याहून महत्त्वाचे टोळ्यांचे. ही गोळी मनाने एकदम बंद करता येत नाही. ऊसतोडीला आलेल्या बाईची गोळी फडात संपली तर गावचा डॉक्टर शेकडो मैल दूर. तिच्याजवळची चिठ्ठी पाहून हंगामभर औषध पुरवण्याची सोय गट ऑफिसातच हवी. येत्या वार्षिक सभेत हा विषय मी लेखी देणार आहे, अनुमोदनाला सही लागेल.