संरक्षण कोणत्या दोषापासून?

फोटॉनिक टोपॉलॉजिकल इन्सुलेटरविषयी जे लेख आमच्या दप्तरी येतात, त्यांपैकी बहुतेकांत कडेने वाहणारा तरंग दोषांपासून सुरक्षित असल्याची ग्वाही असते; ते संरक्षण कोणत्या दोषापासून, याचा तपशील मात्र क्वचितच आढळतो.

हाल्डेन व रघू यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेली कल्पना 2009 मध्ये अमेरिकेतील एमआयटीत, चुंबकीय क्षेत्रात उभ्या केलेल्या फेराइट दांड्यांच्या जाळीत, सुमारे साडेचार गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मतरंगांवर सिद्ध झाली, आणि वाटेत धातूची आडभिंत घातली असताही तरंग तिला वळसा घालून पुढे गेला. कारण कालव्युत्क्रमाची सममिती भंगल्यामुळे त्या कडेवर उलट दिशेची अवस्थाच शिल्लक नव्हती. चुंबकाविना रचलेल्या व्हॅली-हॉल स्फटिकांची गोष्ट मूलतः निराळी आहे. तेथे परतीची अवस्था हजर असते आणि तिला दूर ठेवणारी सममिती जाळीच्या घडणीवर अवलंबून असते, म्हणून घडणीतील कसूर त्या संरक्षणाच्या मुळावरच येते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी 2023 साली अत्यंत काटेकोरपणे घडविलेल्या सिलिकॉन स्फटिकांतही तीव्र पश्चप्रकीर्णन मोजून दाखविले. शोषणाने होणारी हानी तर दोन्ही प्रकारांत टळत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुशील मुजुमदार यांच्या प्रयोगशाळेत अव्यवस्था हाच अभ्यासाचा विषय मानून प्रकाशाचे संक्रमण तपासले जाते. ही दृष्टी आमच्या वऱ्हाडातही रुजावी असे आम्हांस मनापासून वाटते, आणि त्यासाठी महागड्या सामग्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. बडनेरा-अमरावतीच्या अभियांत्रिकी अध्यापकांना परिचित असलेल्या एक्स-बँडच्या बाकावर, दहा गिगाहर्ट्झला, तरंगलांबी तीन सेंटिमीटर असते. तेव्हा दोन धातुपत्र्यांमध्ये ॲल्युमिनाच्या दांड्यांची व्हॅली-जाळी मांडून एखादी दांडी काढणे अथवा मिलिमीटरभर सरकविणे हातानेच साधते. पारगमन व परावर्तन दोन्ही, दोषासह व दोषाविना, संपूर्ण वर्जित पट्ट्यावर मोजावे. कारण रिकाम्या जागी अडकलेला अनुनाद एखाद्याच वारंवारतेवर पारगमन खचवितो, आणि निवडक बिंदूंच्या मोजणीत तो निसटून जातो.

यापुढे ‘संरक्षित’ हे विशेषण वापरणाऱ्या लेखकांनी दोषाचा प्रकार, त्याचे माप आणि परावर्तनाचा आलेख लेखासोबत धाडावा, व तरंग मागे फिरला असेल तर तीही नोंद निःसंकोच पाठवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.