'चिरंतन माणूस' आणि आठ लाख वर्षे

विज्ञानकथेत 'माणूस' सापडत नाही, हा आक्षेप मराठी समीक्षेत इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की त्याला आता पुराव्याची गरज उरलेली नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने उतरली आणि पहिली आली, त्याला अर्धशतक उलटले. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही नारळीकरांकडे आले. प्रकाराला प्रतिष्ठा लाभली, निकष मात्र जागचा हलला नाही. माणसाच्या अतिदूर भविष्याची कल्पना करणारी संहिता समोर आली की समीक्षक दोनच प्रश्न विचारतो. हे शास्त्रीयदृष्ट्या संभवनीय आहे काय? आणि यात चिरंतन मानवी भावनांचे दर्शन घडते काय? पहिला प्रश्न शेजारच्या जीवशास्त्र विभागाकडे पाठवून मोकळे होता येते. दुसरा मात्र तो स्वतःच्या अखत्यारीतला मानतो, आणि खरी गफलत तेथेच आहे.

संभवनीयतेचा निकाल आधी लावता येईल. एच. जी. वेल्सने १८९३ साली एका लेखात दहा लाखाव्या वर्षाचा माणूस रंगवला: अवाढव्य डोके, आक्रसलेले शरीर, दात नाहीत, पोषण द्रवस्नानातून. हे चित्र इतके रुळले की आजही 'भविष्यातला माणूस' म्हटले की तेच डोळ्यांपुढे येते. उत्क्रांतीच्या सिद्धांतात त्याला आधार नाही. निअँडरथल मानवाच्या कवटीचे आकारमान आजच्या माणसाच्या सरासरीहून कमी नव्हते. नैसर्गिक निवड बुद्धीला बढती देत नाही, ती संततीची मोजदाद करते. मग हा मोठ्या डोक्याचा प्राणी आला कोठून? तो लेखनवाचनावर जगणाऱ्या वर्गाच्या आत्मप्रतिमेतून आला. अंगमेहनत ही ज्याला इतिहासातील एक तात्पुरती अवस्था वाटते, त्यालाच शरीर गळून पडताना दिसते.

वेल्सने ही प्रतिमा दोनच वर्षांत स्वतः मोडली. १८९५च्या 'द टाइम मशीन'मधील कालप्रवासी ८,०२,७०१ साली पोहोचतो तेव्हा त्याला महाबुद्धिमान कोणीच भेटत नाही. भेटतात ते जमिनीवरचे नाजूक, मंदबुद्धी एलॉय आणि भुयारांत यंत्रे राखणारे मॉरलॉक. श्रमिकांचे वंशज मालकांच्या वंशजांना खाऊन जगतात. ऑलाफ स्टेपल्डनने १९३० साली 'लास्ट अँड फर्स्ट मेन'मध्ये दोन अब्ज वर्षे आणि अठरा मानवजाती कल्पिल्या. त्यांतील चौथी जात म्हणजे निव्वळ महाकाय मेंदू. ते सर्व काही जाणतात, पण मूल्यांपाशी अडतात, आणि शेवटी देह असलेली पाचवी जात घडवतात. आपण भविष्य वर्तवत नसून मिथक रचत आहोत, हे स्टेपल्डनने प्रस्तावनेतच सांगून ठेवले होते. अशा संहितेला अचूकतेचे गुण देणे म्हणजे अभंगातील विठ्ठलाची उंची मोजण्यासारखे आहे.

आता 'चिरंतन मानवी भावने'कडे. या निकषाच्या बाजूने सर्वात सबळ युक्तिवाद गाथासप्तशतीचा आहे: दोन हजार वर्षांपूर्वीची विरहिणी आजच्या वाचकाला भिडते, त्या अर्थी माणूस बदललेला नाही. युक्तिवाद आकर्षक आहे, पण दोन हजार वर्षे म्हणजे जेमतेम ऐंशी पिढ्या. शिवाय ती गाथा वाचकाला थेट भिडत नाही. कोण कोणाला उद्देशून बोलत आहे हे टीकाकार सांगतात, स. आ. जोगळेकरांची प्रदीर्घ प्रस्तावना सांगते, आणि मग ती 'चिरंतन' होते. चिरंतनता येथे वाचनपरंपरेने घडवलेली वस्तू आहे, तिला देहस्वभाव म्हणता येत नाही. देह तर एवढ्या अवधीतही बदलतो. प्रौढपणी दूध पचवण्याची क्षमता गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत, गुरे पाळणाऱ्या समाजांत पसरली. जगातील बहुसंख्य प्रौढांना ती आजही पूर्णपणे नाही. आधी गोठा बांधला गेला, मग शरीर बदलले. संस्कृती देहावर लिहिते, हे येथे रूपक राहत नाही.

आणि कोणती संस्कृती? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार भारतीय उपखंडातील लोकसमूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले. त्यानंतर तो संकर जवळपास थांबला आणि अंतर्विवाहाची कुंपणे पक्की झाली. वैश्य समाजातील काही व्यक्तींत शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल धोकादायक रीतीने लांबतो, तो याच कुंपणाचा परिणाम. एवढ्याने कोणाची निराळी जीवजाती होत नाही, आणि तसे सुचवणे हा वंशवादच ठरेल. पण वेल्सला जे भुयार कल्पावे लागले, त्याचे खणकाम जेथे प्रत्यक्ष झाले, त्या समाजातील समीक्षेने मॉरलॉकांच्या कथेत 'आपला माणूस नाही' असे म्हणावे, याला भाबडेपणा म्हणणे कठीण आहे.

हा 'आपला माणूस' कोण, हे दलित साहित्याने कधीच विचारले होते. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात सत्य-शिव-सुंदराची विश्वात्मकता नाकारली, ती याच कारणासाठी. ज्याला माणूस म्हणूनच मोजले नव्हते त्याच्यापुढे 'चिरंतन मानवी' हा निकष ठेवता येत नाही. भूतकाळाच्या दिशेने हे मान्य करणारे समीक्षकही भविष्याच्या दिशेने मात्र तोच जुना निकष हाती घेतात. २०१८ साली चीनमध्ये भ्रूणावस्थेत जनुके बदललेल्या जुळ्या मुलींचा जन्म जाहीर झाला. संबंधित संशोधकाला २०१९ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली. तंत्र उपलब्ध आहे. ते कोणाच्या गर्भापर्यंत पोहोचेल आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न एलॉय-मॉरलॉकांचाच आहे.

राहिले भाषेचे. स्टेपल्डनचा निवेदक अठराव्या, शेवटच्या मानवजातीतला आहे. तो आजच्या एका माणसाच्या मेंदूचा आधार घेऊन, त्याच्या भाषेत बोलतो. आपल्यासारखा नसलेला प्राणी आपल्या भाषेत सांगता येतो काय, ही निवेदनशास्त्रातली खरी अडचण आहे आणि मराठीत ती अधिक बोचरी होते. या शेवटच्या मानवांत स्त्री आणि पुरुष यांचे अनेक उपप्रकार आहेत आणि ते गटागटाने एक मन होऊ शकतात. इंग्रजी क्रियापदाला त्याचे काही वाटत नाही. मराठी क्रियापद मात्र पहिल्याच वाक्यात अडते: तो आला, ती आली, की ते आले?